पंचवीस हजारांत काय काय होईल? पालक सहभागाच्या छोट्या निधीविषयी प्रश्नोत्तरे

पालकांना मुलांच्या अभ्यासात सामील करून घेण्यासाठी शाळांना दहा, वीस, पंचवीस हजारांचे निधी मिळतात. कुठे एखादी सामाजिक संस्था देते, कुठे कारखाना, कुठे गावचाच नोकरदार. रक्कम छोटी असली तरी तिच्याबद्दलचे प्रश्न मात्र पुष्कळ येतात. मराठवाड्यातून आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, पट ६०. एका संस्थेने पालक सहभागासाठी २५,००० रुपये मंजूर केले असून आराखडा मागितला आहे. दिवाळीनंतर निम्मे पालक ऊसतोडीला जातात. मुले बहुतेक गावातच राहतात. आराखड्यात काय लिहावे? (मुख्याध्यापिका, गेवराई तालुका)

आधी हजेरीपट घ्या आणि प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढवा : ‘नोव्हेंबर ते मार्च या मुलाजवळ घरी कोण?’ त्यात माणसाचे नाव लिहा, ‘पालक’ एवढेच लिहू नका. कुठे आजी निघेल, कुठे चुलती, कुठे सातवीतली बहीण. असे आराखडे फसतात ते इथेच. कागदावर आई-वडील गृहीत धरलेले असतात आणि प्रत्यक्ष घरी असते ती डोळ्यांना कमी दिसणारी आजी.

मग हिशेब असा मांडता येईल. कापडी पिशव्या ३०, गावातल्याच बचत गटाकडून शिवून, ७० रुपयांप्रमाणे २,१००. गोष्टींची पातळ पुस्तके १२०, सरासरी ४५ रुपये, म्हणजे ५,४००. संध्याकाळी तासभर मुलांना घेऊन बसणारे दोन गावमित्र, दरमहा प्रत्येकी १,००० रुपये मानधन, पाच महिन्यांचे १०,०००. शाळेच्या एका फोनचे सहा महिन्यांचे रिचार्ज १,८००. सतरंजी आणि दिवा १,५००. चार बैठकांचा चहा, ६० माणसे, माणशी १० रुपये, २,४००. नोंदवह्या व छायाप्रती १,०००. शिल्लक राखीव ८००. एकूण बरोबर २५,०००. दर अंदाजाने धरले आहेत. तुमच्या बाजारात विचारून बदला. मंडप, बॅनर आणि हारतुरे यांना यात जागा नाही, हे मुद्दामच. एकदा ते शिरले की चार-पाच हजार कसे गेले ते कळत नाही, आणि मुलाच्या घरापर्यंत त्यातले काहीच पोचत नाही.

पिशव्या ३०च का? प्रत्येक पिशवीत चार पुस्तके. या आठवड्यात निम्म्या मुलांकडे, पुढच्या आठवड्यात उरलेल्यांकडे. शनिवारी पिशवी परत, सोमवारी दुसऱ्या घरी. पिशवीवर आणि आतल्या चारही पुस्तकांवर एकच क्रमांक घाला, म्हणजे मोजणी मुलेच करतील. नवीन पुस्तकाच्या पाठीवर आधीच रुंद चिकटपट्टी लावा आणि मधली पिन काढून दोऱ्याने टाचा. पुस्तक पहिल्यांदा फाटते ते पिनेपाशीच. तरीही वर्षाला दहा-बारा पुस्तके जातील हे आराखड्यातच लिहून टाका. नाहीतर ‘साठा कमी भरला तर जबाबदारी कोणाची’ या धास्तीने पुस्तके कपाटात कुलूपबंद राहतात. दंड तर अजिबात नको. दंड लागला की ते घर पिशवी घेणेच बंद करते.

टोळ्या निघण्याआधीची बैठक सगळ्यांत महत्त्वाची. सोयाबीनची काढणी उरकल्यावर आणि गाड्या भरण्याआधी आठ-दहा दिवसांची उसंत मिळते, तेवढ्यात ती घ्या. प्रत्येक घराकडून दोन गोष्टी टिपा : फडावर फोन कोणाच्या हातात असेल त्याचा क्रमांक (टोळीच्या मुकादमाचाही घेऊन ठेवा, कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, फोन चार्ज नसला तर तोच उपयोगी पडतो) आणि फोन कोणत्या रात्री करायचा. जी मुले सोबत जाणारच आहेत त्यांचे शिक्षण हमी कार्ड त्याच दिवशी हातात द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवताना अडचण येत नाही. गावात मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह मंजूर असेल तर गावमित्रांची वेळ त्याच्याशी जुळवून घ्या. तेच काम दोनदा नको.

फोनवर करायचे काय? मुलाने सहा ओळी वाचून दाखवायच्या आणि तिकडून आईने एवढेच विचारायचे, ‘मग पुढं काय झालं?’ तिला स्वतःला वाचता येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. मूल उत्तर देण्यासाठी पुन्हा पुस्तकात बघते, तिथेच वाचन होते. पाच मिनिटे पुरे. टोळीला पहाटेच उठायचे असते, म्हणून रात्री आठच्या पुढे नको.

गावमित्र निवडताना एकच काळजी घ्या : दोघे दोन वेगळ्या वस्त्यांतले असावेत. दोघेही गावठाणातल्या एकाच आळीचे असले तर पलीकडच्या वस्तीतली मुले तिकडे फिरकत नाहीत. गावात राहिलेली बारावी झालेली सून हे काम उत्तम करते. मानधन महिन्याच्या महिन्याला द्या. ‘शेवटी एकदम देऊ’ म्हटले की जानेवारीत वर्ग बंद पडतो.

प्रश्न : पालक सभेला पन्नास घरांतून आठ-नऊ आया येतात. वडील जवळजवळ नाहीतच. निधीतून अल्पोपाहार ठेवला तर फरक पडेल का? (सहशिक्षक, भोकरदन तालुका)

एकदा पडेल, दुसऱ्यांदा नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराची सभा म्हणजे बाईची अख्ख्या दिवसाची मजुरी बुडाली. पोहे तिची भरपाई करू शकत नाहीत. तुमच्या भागातला आठवडी बाजार कोणत्या वारी ते बघा. बऱ्याच गावांत त्या दिवशी मजुरीचे पैसे मिळतात आणि शेतात जाणे नसते. बाजाराला निघण्याआधी, सकाळी साडेआठला, शाळेऐवजी पारावर किंवा समाजमंदिरात, चाळीस मिनिटे. वडील हवे असतील तर रात्री साडेसातची वेगळी बैठक घ्या.

निमंत्रणाची छापील चिठ्ठी दप्तरातच राहते. त्यापेक्षा मुलाने स्वतः लिहिलेली एक ओळ द्या : ‘आई, मी उद्या तुला गोष्ट वाचून दाखवणार आहे.’ आणि सभेत खरोखर तेच करा. भाषणे नकोत. पाच-पाच घरांचे गट बसवा. प्रत्येक मूल आईसमोर जेवढे येते तेवढे वाचेल, अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद किंवा पूर्ण गोष्ट. निकालपत्रकावरचा ‘ब-२’ घरी कोणाला कळत नाही, पण पोरगं शब्दापाशी अडतंय हे सगळ्यांना कळतं. फक्त अडणाऱ्या मुलाला सगळ्यांपुढे उभे करू नका. गट छोटा ठेवायचा तो त्यासाठीच.

प्रश्न : आमची शाळा तांड्यावर आहे. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, बहुतेक आयांना अक्षरओळख नाही. ‘घरी अभ्यास घ्या’ असे सांगण्यात अर्थ नाही हे कळते. मग निधी कशावर खर्च करावा? (शिक्षिका, औंढा नागनाथ तालुका)

छापील कृतिपत्रिकांवर करू नका, हे पहिले. वाचता न येणाऱ्या आईच्या हातात कागद दिला की ती मनातून शाळेबाहेर जाते.

तिला जे येते तिथून सुरुवात करा. आठवड्यातून एका घरी गोरमाटीत एक गोष्ट, मुलाने ऐकायची, चित्र काढायचे. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट तो वर्गात सांगेल, तुम्ही फळ्यावर तीन ओळी देवनागरीतच, पण गोरमाटीत लिहा आणि त्याखाली मराठीत. ‘याडी’ (आई) हा शब्द फळ्यावर पाहिला की पहिलीतले मूल लिपीला बिचकत नाही. अशा वीस गोष्टी जमल्या की छायाप्रती काढून शाळेचे पुस्तक करा. ३० प्रती, प्रत्येकी २४ पाने, पान दोन रुपये धरले तर १,४४० रुपये. हे पुस्तक सगळ्यांत जास्त वाचले जाईल. त्यात आपल्या आजीचे नाव आहे.

गणितासाठी पायली, अधोली आणि शेर ही मापे विकत घ्या किंवा कोणाच्या माळ्यावर पडलेली मागून आणा. एका पायलीत दोन अधोल्या, चार शेर. ज्वारी मापताना मुलाने सांगायचे : तीन शेर म्हणजे किती पायली? पाव, अर्धा, पाऊण हे चौथीत वहीवर न कळलेले अपूर्णांक इथे हाताला कळतात. म्हातारीच्या कशिद्याचेही तसेच. आरसे आणि टाके मोजा, नक्षी कुठे घडी घातल्यावर जुळते ते बघा; सममिती म्हणतात ती हीच.

आजींना वर्गात बोलावले तर प्रत्येक वेळी १५०-२०० रुपये मानधन जरूर द्या. मजुरी सोडून येतात त्या. व्हाउचरवर अंगठा, शेजारी नाव, आणि एका साक्षीदाराची सही. मेळावा घ्यायचा असेल तर १५ फेब्रुवारीच्या, सेवालाल महाराज जयंतीच्या आसपास घ्या. तांडा तेव्हा एकत्र असतो. होळीपर्यंत थांबता आले तर लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणणाऱ्या बायकाही मिळतील, आणि गाणे लिहून घेणे हा भाषेचा पाठच आहे.

प्रश्न : व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणतात, या पैशांतून प्रवेशद्वाराची कमान करू, उरले तर साउंड सिस्टिम. कसे समजवावे? (मुख्याध्यापक, निलंगा तालुका)

वाद घालण्यापेक्षा मंजुरीपत्र बैठकीत मोठ्याने वाचा. रक्कम ज्या कामासाठी आली त्या कामाबाहेर ती वापरली तर वसुली मुख्याध्यापकाच्या सहीवर येते, हे इतिवृत्तात नोंदवा. दुसरे म्हणजे बैठकीला कोण बसले आहे ते पाहा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. आया खरोखर हजर असतील, नुसत्या सह्यांपुरत्या नसतील, तर कमानीचा विषय बहुधा आपोआप मागे पडतो. मात्र कमानीमागची भावना खोटी नाही. गावाला शाळेचे काहीतरी दिसायला हवे असते. पुस्तक पिशव्यांवर गावाचे नाव शिवा.

प्रश्न : पालकांचा व्हॉट्सॲप गट पुरेसा नाही का? (पालक, परभणी)

सूचनेसाठी पुरेसा. त्यातही लिखित मजकुरापेक्षा तीस सेकंदांचा आवाजी संदेश बरा. पण घरात फोन एकच आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात, ही गत असते तोवर त्यावर अभ्यास टाकू नका.

प्रश्न : आम्हाला कुणी देणगीदार नाही. शाळेच्या संयुक्त अनुदानातून हे करता येईल का? (शिक्षक, बिलोली तालुका)

समग्र शिक्षाचे संयुक्त शाळा अनुदान पटानुसार येते आणि वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य, स्वच्छता यांसाठी असते. त्यातून गावमित्राचे मानधन काढू नका, लेखापरीक्षणात अडकेल. वाचनालयाच्या अनुदानातली पुस्तके मात्र पिशव्यांतून घरी पाठवायला कोणी अडवत नाही.

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे मिळून १,२०,००० वसूल झाले तर १२,००० रुपये. १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आयांनीच मागणी मांडावी, ठरावाची प्रत घ्यावी. मार्चमध्ये गेलात तर ती रक्कम शिलाई मशीनवर गेलेली असेल.

प्रश्न : निधी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जमा झाला आणि ३१ मार्चपूर्वी उपयोगिता प्रमाणपत्र मागितले आहे. खर्च कसा दाखवावा? (मुख्याध्यापिका, कळंब तालुका)

‘दाखवू’ नका, करा. जेवढा होईल तेवढाच. पुस्तके, पिशव्या, मापे यांची खरेदी आठवड्यात उरकते. मानधन मात्र झालेल्या कामाचेच देता येते. पुढच्या सत्राचे मानधन आगाऊ वाटून मागच्या तारखेच्या सह्या घेणे किंवा दुकानदाराकडून बिल आणून माल ‘नंतर’ घेणे, या दोन चुकांनी चांगल्या शाळा चौकशीत सापडतात.

पैसा खासगी संस्थेचा असेल तर मुदत संपण्याआधी मुदतवाढीचे एक पानी पत्र पाठवा : आलेली तारीख, झालेला खर्च, शिल्लक, ती कोणत्या महिन्यात कशावर. मुदतीनंतरच्या पत्रापेक्षा आधीचे पत्र नेहमीच लवकर मान्य होते. सरकारी पैसा असेल तर शिल्लक परत करा.

रक्कम समितीच्या बँक खात्यावरच घ्यावी. शिक्षकाच्या फोनवरच्या वैयक्तिक खात्यात आली तर प्रामाणिक माणसावरही बोट उठते. खर्चाआधीचा ठराव, दरपत्रके, बिल, साठा नोंदवहीतला पान क्रमांक बिलावर, आणि रोख दिलेल्या पाच हजारांवरील रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट, या क्रमाने फाईल लावा. पिशव्यांच्या देवघेवीची वही मात्र त्या फाईलला जोडू नका. ती वर्गात, मुलांच्या हाताशी राहू द्या. संस्थेला हवी असतील तर दोन पानांची छायाप्रत पाठवा.