क्रिया-प्रतिक्रिया सारखीच असते तर वस्तू हलते कशी? आठवीच्या मुलांना हे कसं शिकवायचं?

तुम्ही लिहिलंय की आठवीतल्या एका मुलीने वर्गात विचारलं, दोन्ही बलं सारखी आणि उलट्या दिशेला, म्हणजे बेरीज शून्य, मग जगात काही हलतंच कसं, आणि तुमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूप लावलेलं कपाट आहे. आधी त्या मुलीला शाबासकी द्या. हा प्रश्न ज्याला पडतो त्याने न्यूटनचा तिसरा नियम (प्रत्येक क्रियेला तेवढीच पण उलट्या दिशेची प्रतिक्रिया) खरंच ऐकलेला असतो, बाकीचे पाठ करून मोकळे झालेले असतात.

मी नाशिकला सिडकोत राहते, माध्यमिकला विज्ञान शिकवते, आणि हा प्रश्न मला जवळपास दरवर्षी येतो, आला नाही तर मीच कोणाकडून तरी वदवून घेते.

थोडक्यात उत्तर असं की ती दोन बलं एकाच वस्तूवर नसतातच. बेरीज करायची तर एका वस्तूवर जेवढी बलं लागतात तेवढ्यांचीच करायची. मी भाजीवाल्या मावशींना 200 रुपये फोनपे केले, माझ्या खात्यातून 200 गेले, त्यांच्या खात्यात 200 आले, दोघींचा मिळून हिशोब केला तर शून्य, पण म्हणून काहीच व्यवहार झाला नाही असं कोणी म्हणेल का? माझं पासबुक वेगळं, त्यांचं वेगळं. आठवीच्या पोरांना हे लगेच कळतं कारण घरचं सगळं पेमेंट तेच करून देतात.

पण हे तोंडी सांगून भागत नाही. आज मान डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात परत शून्य करून बसतात. म्हणून मी काय करते ते सांगते, जमेल तेवढं घ्या.

नियम फळ्यावर लिहून सुरुवात करू नका. बालभारतीत तसा तिसरा नियम नववीच्या पहिल्या धड्यात येतो, गतीचे नियम, आठवीला बल व दाब मध्ये संतुलित-असंतुलित बलं आहेत, तर तुम्हाला घाई नाहीये. पहिल्या तासाला मी फक्त टाळी वाजवायला लावते. जोरात. मग विचारायचं, कोणत्या हाताने कोणत्या हाताला मारलं? कोणता हात झोंबतोय? दोन्ही. आधी कोणता झोंबला? हसतात. उजवा हात डाव्यावर जोरात आपटा, डावा नुसता धरून ठेवा, तरी दोन्ही झोंबतात. मुलांच्या डोक्यात आधी क्रिया, मग थोड्या वेळाने प्रतिक्रिया असं जे बसलेलं असतं (यूट्यूबवरच्या कमेंटसारखं) ते इथेच निम्मं निघून जातं.

आणि त्याच दिवसापासून एक सवय लावायची. बल म्हटलं की पूर्ण वाक्य पाहिजे, कोणी कोणाला ढकललं किंवा ओढलं. नुसतं 'बल लागलं' चालणार नाही. 'पायाने चेंडूला ढकललं.' आता उलटं कर. 'चेंडूने पायाला ढकललं.' झाली जोडी, एवढंच. वाक्य उलटं करता आलं की प्रतिक्रिया सापडली, नाही करता आलं तर ती जोडी नव्हेच. हे पुढे फार उपयोगी पडतं, पुस्तक-टेबलपाशी सांगतेच.

मग ताणकाटे. हा प्रयोग मी कधीच सोडत नाही. स्प्रिंगचे हुकवाले दोन काटे, रद्दीवाले वापरायचे तसले, हुकात हुक अडकवायचा, एका बाजूला वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यात किरकोळ मुलगी. ओढायच्या आधी हात वर करून मतं घ्यायची, कोणाचा काटा जास्त दाखवेल, आणि ती फळ्यावर लिहायची, नाहीतर नंतर सगळेच म्हणतात मला आधीच माहीत होतं. बहुतेक हात दांडग्याच्या बाजूने जातात. मग ओढा म्हणायचं. इकडे 3 किलो तर तिकडे 3 किलो. लगेच वकिली सुरू, "मॅडम ती पण ओढतेय ना, तिला नुसतं धरून ठेवायला सांगा." नुसतं धरलं, तरी दोन्हीकडे सारखंच. "मॅडम खिडकीला लावू." एका काट्याची कडी गजाला बांधली, दुसऱ्या काट्याने तो ओढला, आता गज तर काही ओढत नाही ना, पण गजाकडचा काटा तेवढंच दाखवतोय. इथे थांबा, लगेच उत्तर देऊ नका, पोरांना भांडू द्या. खिडकीचा गजही ओढतो हे पचायला वेळ लागतो, मोठ्यांनाही लागतो.

एक अडचण येते ती आधीच सांगून ठेवते. स्वस्तातले काटे आडवे धरले की शून्यावर नसतात, कारण उभं धरल्यावर हुकाचं वजन धरून ते लावलेले असतात, तर आडवे धरूनच शून्य करून घ्या. तरी 50-100 ग्रॅमचा फरक दिसतो आणि वर्गात एक तरी हुशार असतो जो म्हणतो "बघा, सारखं नाहीये." त्याला म्हणायचं काटे अदलाबदल करा. जास्त दाखवणारा काटा दुसऱ्याच्या हातात गेला तरी जास्तच दाखवतो, म्हणजे खोट काट्यात आहे, ओढणाऱ्यात नाही. मला तर हे मूळ प्रयोगापेक्षा जास्त आवडतं. आणि काट्यावर किलो असतात, आपल्याला न्यूटन पाहिजेत, तर 1 किलोला ढोबळ 10 न्यूटन सांगून पुढे जा, त्यात अडकू नका.

यातूनच रस्सीखेच येते. दोरीवर दोघांचा ओढा सारखाच, मग जिंकतो कोण? तर ज्याचे पाय जमीन घट्ट धरतात तो. दांडग्याला मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभा करा आणि त्या किरकोळ मुलीला बूट घालून, मग गंमत बघा (मागे गादी किंवा दोन मुलं उभी ठेवा, डोकं आपटायला नको).

आता तुमच्या वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न. पुस्तकांमधून घोडा-गाडी असते पण आमच्याकडे पोरांनी घोडा पाहिलेला असतो तो लग्नाच्या वरातीत, म्हणून मी ट्रॅक्टर घेते. कांद्याची भरलेली ट्रॉली लासलगावला निघालीय. ट्रॅक्टर ट्रॉलीला 2000 न्यूटनने पुढे ओढतो, ट्रॉली ट्रॅक्टरला 2000 न्यूटनने मागे ओढते. मग निघणार कशी? फळ्यावर ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकमेकांपासून लांब, सुटे काढा, मध्ये चक्क उभी रेघ मारा. आधी फक्त ट्रॉलीकडे बघा. पुढे 2000, रस्ता वगैरे मिळून मागे धरतायत समजा 1500. उरले 500 पुढे. ट्रॉली निघाली. ट्रॉलीने ट्रॅक्टरला मागे ओढलंय ते ट्रॉलीच्या चित्रात कुठे आहे? नाहीये, ते ट्रॅक्टरच्या पासबुकात. आता ट्रॅक्टर. ट्रॉली मागे ओढतेय 2000, मग हा पुढे कसा जातो? याला पुढे ढकलतं कोण? "इंजिन" असं सगळे ओरडतात. इंजिन तर त्याच्याच पोटात आहे, ते चाक फिरवतं. चाक जमिनीला मागे ढकलतं आणि जमीन चाकाला पुढे, समजा 2200 ने. उरले 200, ट्रॅक्टरही निघाला. मी हे आकडे असे घेते की ट्रॉली कांद्यासकट 5000 किलो आणि ट्रॅक्टर 2000 किलो धरला तर दोघांचं त्वरण (वेग किती झपाट्याने वाढतो ते) 0.1 मीटर प्रति सेकंद वर्ग असं एकच येतं, नववीला तेच गणित परत काढता येतं.

जमीन पुढे ढकलते यावर विश्वास बसत नाही त्यांचा. मग विचारायचं, पावसात ट्रॅक्टर चिखलात रुतला की काय होतं? निफाड-दिंडोरीकडची मुलं असतील तर रंगवून सांगतात, चाक जागच्या जागी फिरतं आणि चिखल मागे उभ्या माणसाच्या अंगावर उडतो. म्हणजे चाक मातीला मागेच ढकलत होतं ना. माती निसटून गेली म्हणून चाकाला तिला जोरात ढकलताच आलं नाही, आणि तिनेही चाकाला पुढे तेवढंच कमी ढकललं. खाली दगड-फळ्या टाकल्या की निघतो. माझ्या अनुभवात घर्षणापाशी जेवढा वेळ द्याल तेवढा हा नियम पक्का होतो, चालणं, पळणं, सायकल सगळं तिथेच येतं.

पुस्तक आणि टेबल हा मात्र सापळा आहे, आणि कितीतरी गाइडमध्ये चुकीचा छापलेला असतो. पुस्तकाचं वजन खाली, टेबलाचा रेटा वर, दोन्ही सारखे, झाली क्रिया-प्रतिक्रिया. नाही झाली! दोन्ही बलं पुस्तकावरच आहेत. वाक्य उलटं करून बघा. 'पृथ्वीने पुस्तकाला खाली ओढलं', उलटं केलं की 'पुस्तकाने पृथ्वीला वर ओढलं.' टेबल आलंच नाही त्यात. 'टेबलाने पुस्तकाला वर ढकललं', उलटं, 'पुस्तकाने टेबलाला खाली ढकललं.' ही दुसरी जोडी. अजून खात्री करायची तर टेबल काढून घ्या, टेबलाचा रेटा संपला, वजन आहे तसंच आहे, पुस्तक पडतंय. जोडीतलं एक गेलं आणि दुसरं राहिलं असं कधी होत नाही. पुस्तक स्थिर आहे ते बलं संतुलित आहेत म्हणून, तो आठवीचा भाग, त्याला तिसऱ्या नियमाची गरजच नाही. तुमच्या वर्गातल्या त्या मुलीचा गोंधळ मुळात या दोन गोष्टी एकत्र झाल्याचा आहे.

आता माझा आवडता. किचनमधला डिजिटल काटा, त्यावर पाण्याने अर्धा भरलेला ग्लास, बटण दाबून शून्य करा. मुलाला म्हणा बोट पाण्यात बुडव, तळाला-कडेला लावू नकोस. आकडा दहा-बारा ग्रॅमने चढतो. बोट काढलं की परत शून्य. "बोटाचं वजन आलं" म्हणतात, पण बोट तर हाताला जोडलेलं आहे, हात तूच उचलून धरलायस. पाणी बोटाला वर ढकलतं, हे प्लावक बल त्यांनी त्याच धड्यात वाचलेलं असतं, मग बोट पाण्याला खाली ढकलतं, तेच काटा दाखवतो. यावर कडी म्हणजे काळा दगड, आपल्याकडे काय पायाखाली काळा दगडच आहे. दोऱ्याने लहान ताणकाट्याला टांगा, समजा 280 ग्रॅम भरला. पाण्यात पूर्ण बुडवला, तळाला न टेकवता, वरचा काटा 180 वर येतो आणि खालचा 100 ने चढतो. वर जेवढं कमी तेवढंच खाली जास्त, ग्रॅम-दोन ग्रॅम इकडे तिकडे. ज्या मुलांना समान आणि विरुद्ध हे नुसते शब्द वाटत होते ती इथे गप्प होऊन दोन्ही आकडे परत परत बघतात. ग्लास काठोकाठ भरू नका, पाणी काट्यावर सांडलं की काटा कामातून गेला आणि घरी बोलणी.

फुग्याचं रॉकेट सगळे करतात, करा, मजा येते, पण त्यातून शिकतात कमी. फुगा सुसाट गेला, टाळ्या, संपलं. उलट एक गैरसमज पक्का होतो की आतली हवा बाहेरच्या हवेला रेटते म्हणून फुगा जातो. मोठ्यामोठ्यांचा झालाय हा. 13 जानेवारी 1920 ला न्यूयॉर्क टाइम्सने रॉबर्ट गोडार्ड या अमेरिकन रॉकेट-शास्त्रज्ञाची अग्रलेखात टर उडवली होती की पोकळीत रॉकेटला रेटायला काही नसतं हे याला शाळेतल्या पोराएवढंही कळत नाही, आणि 17 जुलै 1969 ला, अपोलो 11 चंद्राकडे निघाल्यावर दुसऱ्या दिवशी, त्याच पेपरने दुरुस्ती छापली. मुलांना हे भयंकर आवडतं. त्याला जोडून चांद्रयान-3. 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी बहुतेकांनी लाइव्ह बघितलंय. चंद्रावर हवा नाही, पॅराशूट उघडून उपयोग नाही, तरी लँडर हळूच उतरला, मग त्याला वर कोण धरत होतं? इंजिनाने आपल्याच पोटातला गॅस खाली ढकलला, गॅसने इंजिनाला वर. वाक्य उलटं केलं की संपलं.

ट्रक आणि मच्छर हेही विचारतीलच, काचेवर मच्छर आपटला तर बल सारखं कसं. बल सारखंच, परिणाम वेगळा, कारण मच्छराचं वस्तुमान किती आणि ट्रकचं किती. कॉम्प्युटर रूममधल्या चाकाच्या दोन खुर्च्या आणा, जाडा-बारीक बसवा, एकानेच ढकलायचं, दोघंही मागे जातात, बारीक जास्त लांब जातो. दोन मिनिटांचं काम.

परीक्षेत मी व्याख्या विचारत नाही, पाच वाक्यं देते आणि उलटी करायला लावते, शिवाय एक पुस्तक-टेबलचं चित्र, यात जोडी आहे की नाही ते कारणासकट. तुम्ही विकत घेणार असाल तर ओढाओढीसाठी 5 किलोच्या काट्यांची जोडी घ्या, 1 किलोचे आणले तर पोरं पहिल्याच दिवशी स्प्रिंग ताणून ठेवतात, आणि दगडासाठी 500 ग्रॅमचा एक वेगळा घ्या, तो मात्र स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.