'सर्ज'ला कुमक म्हणावे का? आणि 'माघार' नेमकी कोणाची?

प्रश्न असा आहे: २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवरचे लेख मराठीत आणताना इराकच्या संदर्भातल्या 'सर्ज'ला (म्हणजे अध्यक्ष बुश यांनी २००७ मध्ये तिथे पाठवलेल्या जादा सैन्याला) काय म्हणावे? कुमक, लाट, की सर्जच? डेमोक्रॅट उमेदवार ओबामांच्या सैन्य परत आणण्याच्या योजनेला 'माघार' म्हटले तर अनुवादक त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मॅकेन यांच्या गोटात जाऊन बसतो का? आणि 'मीडिया बायस'साठी पक्षपात हा शब्द पुरेल का?

मधला प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे: हो, थोडासा बसतो. 'अर्ध्या वाटेतून माघारी फिरलो' या वाक्यात हारजीत काहीच नाही. उमेदवाराने माघार घेतली म्हटले की 'कोणी घ्यायला लावली?' एवढीच शंका येते. पण सैन्याने माघार घेतली असे लिहिले, की वाचकाला समोरून सरकत येणारा शत्रू दिसू लागतो. ओबामा म्हणत होते, लढाऊ तुकड्या टप्प्याटप्प्याने सुमारे १६ महिन्यांत इराकबाहेर काढू. त्याला 'सैन्य परत आणणे' किंवा 'काढून घेणे' म्हणावे. 'माघार' हा शब्द ज्यांना ती हार वाटत होती त्यांच्या तोंडी शोभतो. तिथे तो जरूर वापरा. रिपब्लिकन प्रचारातल्या 'कट अँड रन'साठी मात्र 'काढता पाय घेणे' फारच सभ्य आहे. काढता पाय घेणारा प्रसंग ओळखून वेळेवर निघतो, त्यात थोडे शहाणपणही असते. इथे आरोप भित्रेपणाचा होता. 'शेपूट घालून पळणे' हेच चालेल.

आता 'सर्ज'. हा शब्द अनुवादकाला छळणार, कारण तो मुळातच एका बाजूचा होता. नोव्हेंबर २००६ च्या मध्यावधी निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने अमेरिकी संसदेची (काँग्रेसची) दोन्ही सभागृहे गमावली, दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्या राजीनाम्याची घोषणा झाली आणि १० जानेवारी २००७ रोजी बुश यांनी इराकमध्ये २०,००० हून अधिक जादा सैनिक पाठवण्याचे जाहीर केले. या वाढीला 'सर्ज' म्हटले, की ती उसळून येते आणि यथावकाश ओसरते असे आपोआप सुचवले जाते. डेमोक्रॅट तिला 'एस्कलेशन' म्हणत. त्या शब्दामागे व्हिएतनाम उभे होते, जिथे सैनिकांचा आकडा चढत गेला आणि शेवट दिसेना. भाषणाच्या दुसऱ्या दिवशी सिनेटच्या समितीपुढे परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस यांना चक हेगेल यांनी (ते रिपब्लिकनच, पण युद्धाचे कडवे टीकाकार) एस्कलेशनबद्दल छेडले, तेव्हा राइस यांनी तिसराच शब्द काढला: 'ऑग्मेंटेशन'. सैनिक तेच, विमानेही तीच. मराठीत सांगायचे तर एकाची 'तात्पुरती वाढ', दुसऱ्याचे 'चिघळवणे' आणि तिसऱ्याची 'भर'.

म्हणून 'कुमक' मला पटत नाही. शब्द झकास आहे, तुर्की-फारसी वाटेने आलेला. मुळात अर्थ मदत. पण मराठीत कुमक कोणाला धाडतात? जो आपला आहे आणि अडचणीत आहे त्याला. वेढा पडलेल्या गडाला कुमक जाते. बातमीदाराने स्वतःच्या वाक्यात 'कुमक पाठवली' लिहिले, की तो नकळत वेढ्याच्या आत जाऊन उभा राहतो. 'लाट' तर नकोच, निवडणुकीच्या लेखात लाट म्हटले की वाचक मते मोजू लागेल. लेखकाच्या निवेदनात साधे 'जादा सैन्य' लिहावे आणि वक्त्याच्या तोंडी 'सर्ज' तसाच ठेवावा, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात खुलासा करून.

तसाच ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. जुलै २००८ मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या मुलाखतीत मॅकेन म्हणाले, की सर्जमुळेच इराकच्या अन्बार प्रांतातल्या सुन्नी टोळ्या अल-कायदाविरुद्ध उठल्या. पण ते उठाव २००६ मध्येच सुरू झाले होते, जादा सैन्याच्या घोषणेच्या आधी. यावर टीका झाली तेव्हा मॅकेन यांनी शब्दाचाच घेर वाढवला: सर्ज म्हणजे नुसते जादा सैनिक नव्हेत, बंडखोरीविरोधी सगळी रणनीती, आणि ती आधीच सुरू झाली होती. तुम्ही सगळीकडे 'जादा कुमक' लिहून ठेवले असेल तर या जागी अनुवाद अडतो. कुमक निघण्याआधीच पोहोचली कशी?

गंमत म्हणजे २००९ च्या डिसेंबरात ओबामांनी अफगाणिस्तानात ३०,००० जादा सैनिक पाठवायचे ठरवले आणि २०११ मध्ये ते परत आणण्याची घोषणा करताना स्वतःच त्याला 'सर्ज' म्हटले. तोवर त्या शब्दाला यशाचा वास लागला होता.

२००८ च्या त्याच जुलैत वेळेच्या शब्दांवरूनही ओढाताण झाली. ओबामांना सैन्य परतीचे वेळापत्रक हवे होते, बुश सरकारला तो शब्दच नको होता. अखेर इराकशी बोलणी करताना व्हाइट हाउसने 'टाइम होरायझन' मान्य केले. मराठीत 'कालक्षितिज' केले तर शब्दशः बरोबर आणि वर थोडे खट्याळही, कारण क्षितिज चालून गाठता येत नाही. मी 'ढोबळ कालमर्यादा' लिहीन. लगेच दुसऱ्या दिवशी जर्मन साप्ताहिक 'डेर श्पीगेल'ने इराकचे पंतप्रधान मलिकी यांची मुलाखत छापली. त्यात ओबामांच्या १६ महिन्यांना त्यांनी जवळपास पसंती दिली होती. मलिकींच्या प्रवक्त्याने भाषांतर चुकल्याचे सांगितले. पुढे कळले की दुभाष्या मलिकींच्याच कार्यालयातला होता. खापर मात्र फुटले भाषांतरावर. आपल्या जमातीला हे नवीन नाही.

राहिला 'बायस'. पक्षपात हा शब्द चालेल, पण तो ठपका आहे. त्यात हेतू गृहीत धरलेला असतो. नुसता ओढा सांगायचा असेल तर 'कल' किंवा 'झुकते माप' पुरते. 'धार्जिणा' हा शब्द मला आवडतो. जुना अर्थ लाभणारा, मानवणारा, आणि आज 'सरकारधार्जिणे वृत्तपत्र' यात तो टोचतो. मॅकेनसमर्थक माध्यमांना ओबामाधार्जिणी म्हणत होते आणि त्यांच्याकडे दाखवायला गोष्टी होत्या. ओबामांच्या परदेश दौऱ्यात तिन्ही मोठ्या वाहिन्यांचे मुख्य वृत्तनिवेदक सोबत गेले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने इराकवरचा ओबामांचा लेख १४ जुलैला छापला; मॅकेन यांनी उत्तरादाखल पाठवलेला लेख आहे तसा घेतला नाही, विजय म्हणजे नेमके काय ते त्यात स्पष्ट करा असे संपादकाने सुचवले. नाकारणे आणि दुरुस्तीसाठी परत पाठवणे या दोन क्रियापदांवरच मग भांडण झाले. अनुवादात 'साभार परत' लिहिलेत तर एक बाजू घेतलीत हे लक्षात ठेवा. 'फेरलेखनासाठी परत पाठवला' हे घडलेल्या गोष्टीच्या अधिक जवळ आहे.

उलट बाजूचा पुरावा वर आलेल्या मुलाखतीतच आहे. सीबीएसने संध्याकाळच्या बातम्यांत मॅकेन यांचे ते चुकीचे उत्तर वगळून दुसऱ्या उत्तराचा तुकडा त्या प्रश्नाला जोडून दाखवला, आणि डेमोक्रॅटांच्या बाजूने ओरड झाली की वाहिनीने मॅकेन यांना सांभाळून घेतले. अशा ठिकाणी निवेदनात 'काटछाट केली' किंवा 'उत्तर बदलून दाखवले' लिहावे. 'पक्षपात' ज्याने म्हटला त्याच्या नावावर, अवतरणचिन्हात.