पेठेतला हाफ उत्तर देतो

मागच्या अंकात बोलता बोलता क्रोएशियाचा फुटबॉलपटू लुका मोद्रिच याचं नाव लिहून गेलो आणि पत्रांचा ढीग आला. या खेपेला त्यातलीच चार पत्रं घेतो. आमच्या वेळी कोल्हापुरात मैदानाच्या मधोमध खेळणाऱ्याला ‘मिडफिल्डर’ हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, ‘हाफ’ म्हणायचे. मीही तालमीच्या संघात पंधरा वर्षं राइट हाफ खेळलो. त्यामुळे या माणसाबद्दल मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

‘माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. निवड चाचणीत त्याला “अंगानं भरलास की ये” म्हणून परत पाठवलं. तेव्हापासून रोज दारावर पेन्सिलीनं उंची मोजतोय. काय सांगू त्याला?’ – एक आई, इचलकरंजी

ताई, आधी ती पेन्सिल लपवा.

मोद्रिच १७२ सेंटीमीटरचा, म्हणजे जेमतेम पाच फूट आठ इंच. आणि ही वाढ पूर्ण झाल्यावरची उंची. लहानपणी तो काडीसारखा होता. १९८५चा जन्म, क्रोएशियातल्या झादर शहरातला. पाच वर्षांचा असताना वेलेबित डोंगराच्या पायथ्याशी शेळ्या हाकतानाची त्याची एक जुनी चित्रफीत आहे, त्यात काठी त्याच्यापेक्षा मोठी वाटते. डिसेंबर १९९१मध्ये युद्धात त्याच्या आजोबांना मारलं. त्यांचंही नाव लुकाच. घर जाळलं गेलं, कुटुंब झादरला आलं आणि तिथल्या हॉटेलांत वर्षानुवर्षं निर्वासित म्हणून राहिलं. शहरावर तोफगोळे पडायचे आणि पोरगा हॉटेलच्या गाड्या लावायच्या जागेत बॉल मारत बसायचा.

त्या किनाऱ्यावरच्या पोरांचं स्वप्न म्हणजे हायदुक स्प्लिट हा क्लब. तिथे त्याला अंगानं किरकोळ म्हणून नाकारलं. झादरच्या क्लबातले तोमिस्लाव बाशिच यांनी मात्र त्याचा हात सोडला नाही आणि पुढे त्याला झाग्रेबच्या दिनामोत नेलं. पण तिथेही पहिल्या संघात लगेच जागा कुठली? अठराव्या वर्षी त्याला उसना पाठवला, तोही शेजारच्या बोस्नियात, मोस्तारच्या झ्रिन्स्की क्लबाकडे. खराब मैदानं, आडदांड बॅक म्हणजे बचावपटू, पंचांची शिट्टी कमी. त्या हंगामात तो त्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. बोस्नियात जो टिकला तो कुठेही टिकेल, असं तो नंतर म्हणायचा.

पण ताई, खोटी आशा लावत नाही. बुटका आहे म्हणून कुणी मोद्रिच होत नसतो. मुलाला दोन-तीन वर्षांनी मोठ्या पोरांत खेळू द्या. अंगाला अंग लावून जिंकता येत नाही हे कळलं की एक तर पोरगं रडून घरी येतं, नाही तर डोकं चालवायला लागतं. काय होतं ते मला कळवा.

‘रेआल माद्रिदसाठी ५९७ सामने आणि गोल फक्त ४३! एवढ्या कौतुकाचं कारण काय?’ – एक वाचक, पुणे

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो.

दादा, ऑगस्ट २०१२मध्ये तो इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबातून स्पेनच्या रेआल माद्रिदला गेला तेव्हा तिथल्या लोकांनी तुमचाच प्रश्न विचारला होता. त्या वर्षअखेरीस तिथल्या ‘मार्का’ या क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला हंगामातली सगळ्यात वाईट खरेदी ठरवलं. मग ५ मार्च २०१३ला मँचेस्टरमध्ये रेआल ०-१ मागे असताना तो बदली खेळाडू म्हणून आत आला आणि सात-आठ मिनिटांत लांबून खांबाला घासून गोल केला. लोकांचं तोंड बंद झालं. पण मला विचाराल तर तो गोलही त्याची खरी ओळख नव्हे.

त्याचं काम बघायचं तर टीव्हीवर बॉलच्या मागे धावणं सोडा. पुढच्या सामन्याची दहा मिनिटं फक्त मधल्या माणसावर नजर ठेवा. बॉल दुसऱ्याच्या पायात असताना मोद्रिच सारखी मान फिरवत असतो, डावीकडे, उजवीकडे, खांद्यावरून मागे. बॉल त्याच्याकडे पोचतो तेव्हा त्याचं उत्तर तयार असतं. मी नेमका याच्या उलट होतो. बॉल पायात आला की मग मान वर करायचो. गांधी मैदानावर एकदा पावसाळ्यात पलीकडच्या पेठेच्या बॅकनं मला असा उचलून चिखलात टाकला की प्रेक्षकांतला माझा थोरला भाऊसुद्धा हसला. बॅकची चूक नव्हती. तो कुठून येतोय हे मी बघितलंच नव्हतं.

१२ एप्रिल २०२२ची रात्र घ्या. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा. दोन सामन्यांचे गोल मिळून निकाल. इंग्लंडच्या चेल्सीविरुद्ध रेआलनं पहिला सामना ३-१ जिंकलेला. घरच्या मैदानावर मात्र ०-३ मागे, म्हणजे स्पर्धेबाहेर. ८०व्या मिनिटाला डावीकडून मोद्रिचनं बुटाच्या बाहेरच्या कडेनं बॉल उचलला, तो अख्ख्या बचावाच्या डोक्यावरून वळत नेमका धावत आलेल्या रॉड्रिगोच्या पायावर. गोल. जादा वेळेत बेन्झेमानं मारला आणि संघ पुढे गेला. पासवाला तेव्हा ३६ वर्षांचा. गोल रॉड्रिगोच्या नावावर लागला, आणि तुमच्या त्या ४३मध्ये ही रात्र नाही. याच स्पर्धेच्या २०१४च्या लिस्बनमधल्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी रामोसनं डोक्यानं बरोबरी साधली, त्याचा कॉर्नरही याच्याच पायातून आला होता. तोही त्यात नाही.

रेआलसोबत एकूण २८ करंडक, त्यात चॅम्पियन्स लीगचे सहा. खरं तर कासेमिरो, क्रोस आणि मोद्रिच हे तिघं मिळून एक यंत्र होतं. एक बॉल हिसकावणार, एक लांब फेकणार, आणि तिसरा कोंडी झाली की त्यातून बाहेर काढणार. तिसरं काम सगळ्यात अवघड, असं माझं पक्षपाती मत.

आणि एक आकडा माझ्याकडूनही घ्या. २०११च्या जनगणनेत आपला कोल्हापूर जिल्हा ३८ लाख ७६ हजारांचा. २०२१च्या जनगणनेत क्रोएशिया ३८ लाख ७२ हजारांचा. एका जिल्ह्याएवढा देश २०१८च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. बाद फेरीत डेन्मार्क, रशिया, इंग्लंड या तिन्ही सामन्यांत जादा वेळ, म्हणजे इतरांपेक्षा एक अख्खा सामना जास्त. डेन्मार्कविरुद्ध जादा वेळ संपत आली असताना मोद्रिचची पेनल्टी श्मायकेलनं अडवली. थोड्याच वेळात शूटआउटमध्ये तोच पुन्हा बॉल ठेवायला गेला, त्याच गोलकीपरसमोर, आणि मारली. अंतिम सामना फ्रान्सनं ४-२ जिंकला, स्पर्धेतला सर्वोत्तम मात्र मोद्रिच. त्याच वर्षी बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कारही त्यालाच. आधीची दहा वर्षं तो मेस्सी आणि रोनाल्डोच्या घराबाहेर गेला नव्हता.

‘तुम्ही त्याला डोक्यावर घेताय, पण न्यायालयात “आठवत नाही” म्हणणारा हाच ना?’ – एक वाचक, म्हापसा

हाच. दिनामोचा तेव्हाचा सर्वेसर्वा झ्द्रावको मामिच याच्यावर खेळाडूंच्या विक्रीच्या पैशांत अफरातफर केल्याचा खटला होता. जून २०१७मध्ये मोद्रिच साक्षीला उभा राहिला आणि आपल्या कराराच्या पुरवणीवर सही कधी केली, यावर आधीच्या जबाबापेक्षा वेगळं बोलला. देश खवळला. झादरला ज्या हॉटेलांत तो लहानपणी राहिला, त्यातल्या एकाच्या भिंतीवर कुणी लिहिलं की लुका, हा दिवस तुला आठवेल. मार्च २०१८मध्ये खोट्या साक्षीचा आरोप ठेवला गेला, त्याच वर्षी तो रद्द झाला. मामिचला शिक्षा झाली, पण निकालाआधीच तो बोस्नियात निघून गेला होता.

खेळ मोठा म्हणून साक्ष धुऊन निघते असं मी म्हणणार नाही. पोरांना त्याचे पास दाखवतो तेव्हा ही गोष्टही सांगतो. पास मात्र दाखवतोच.

‘काका, तुम्ही म्हणता बॉल यायच्या आधी मागे बघ. मी बघितलं की बॉल पायाखालून निसटतो. आणि मोद्रिच अजून खेळतो का?’ – एक विद्यार्थी, गडहिंग्लज

खेळतो की! २०२५च्या उन्हाळ्यात माद्रिद सोडून तो इटलीच्या एसी मिलान क्लबात गेला, वय ३९. लहानपणी त्याचा आवडता क्लब तोच, कारण तिथे क्रोएशियाचा बोबान खेळायचा. त्याआधी २०२४च्या युरो स्पर्धेत इटलीच्या गोलकीपरनं त्याची पेनल्टी अडवली, आणि मिनिटभराच्या आत यानं गोल केला. त्या स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यात वयस्कर गोल करणारा. शेवटच्या क्षणी इटलीनं बरोबरी साधली ते जाऊ दे.

आता तुझं काम. भिंतीपासून आठ-दहा पावलांवर उभा राहा, भावाला पाठीमागे उभा कर. बॉल भिंतीवर मार. तो परत येईपर्यंत भावानं हाताची बोटं वर करायची, तू मागे बघून किती ते मोठ्यानं म्हणायचं आणि मग बॉल थांबवायचा. बॉल अगदी जवळ आल्यावर मान फिरवू नकोस, तिथेच तो निसटतो. पायातून सुटला की लगेच बघ, आणि परत येताना डोळे बॉलवर. जमलं की भिंतीच्या दोन पावलं जवळ सरक. पहिले पंधरा दिवस बॉल शेजारच्यांच्या अंगणात जाईल, त्यांना आधीच सांगून ठेव. आणि भाऊ धाकटा असला तर बोटं लपवून फसवणार, हे धरूनच चाल.