वाचकांचे प्रश्न : खाचरातलं पाणकणीस

प्रश्न : आमची खलाटी, म्हणजे सखल भातजमीन, धरमतर खाडीच्या अंगाला आहे. दोन वर्षं शेत पडीक राहिलं आणि आता निम्म्या खाचरात माणसाहून उंच पाती माजलीत. मधूनमधून काडीवर तपकिरी, मखमलीसारखी कणसं आहेत. शेजारी म्हणतात, ही खारं पाणी शिरल्याची खूण, जाळून टाका. काय करावं?
– एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : हे पाणकणीस. काही जण रामबाणही म्हणतात. तुमच्या शेजाऱ्यांनी खूण मात्र उलटी वाचली. भरतीचं पाणी रोज आत येत असतं तर तिथे तिवराची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीची, रोपं दिसली असती. पाणकणीस थोडा मचूळपणा सोसतं, पण त्याचं खरं घर गोड्या, उथळ, साचलेल्या पाण्यात. म्हणजे तुमच्याकडे पावसाचं पाणी अडून राहतंय. आधी बांधाची उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायची झडपेची वाट, बघा. ओहोटीला तिची झडप उघडते का, की गाळाने जाम झालीय? पाण्याला वाट मिळाली नाही तर बाकी सगळी मेहनत फुकट.

जाळू नका. माझ्या काकांनी पेणकडच्या आमच्या शेतात शिमग्यानंतर जाळलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. काळं पडलेलं खाचर बघून सगळे खूश झाले, आणि पहिल्या पावसात पूर्वीपेक्षा दाट कोंब वर आले. त्याचं खोड चिखलात आडवं पसरतं, वरची आग तिथवर पोचतच नाही.

ते मरतं गुदमरून. पात्याचा आडवा छेद घेऊन बघा, आत नुसत्या हवेच्या पोकळ्या दिसतील. चिखलातल्या खोडाला हवा पोचते ती या वाटेनेच, वाळक्या पात्यांतूनसुद्धा. म्हणून कणसं येऊ लागली की, खोडातला साठा कमी झालेला असताना, पाण्याखाली वीतभर खोल कापा. वाळलेली पातीही ठेवू नका. बुडखे काही आठवडे पाण्याखालीच राहिले पाहिजेत, उघाडीतून पाणी सोडायचं ते त्यानंतर.

कणीस पिकायच्या आत काढा. जाड तपकिरी भाग मादीफुलांचा. नरफुलं त्याच्या वर असतात, मधे थोडी उघडी काडी सोडून, आणि पराग सांडले की झडून जातात. एका कणसात लाखाहून जास्त बिया असतात. कापसासारख्या उडतात आणि ओल्या चिखलात रुजतात.

एक विनंती, अगदी मनापासून. सगळं काढू नका. बांधाच्या कोपऱ्यातला, जिथे तसाही भात लागत नाही तो पट्टा राखा. जांभळी पाणकोंबडी अशाच दाटीत घरटं करते, रेघाळ सुगरण पात्यांना घरटी विणते. पावसाळ्यात कापायची वेळ आलीच तर आधी आत शिरून घरटी बघा, आणि जिथे अंडी असतील तिथला झुबका पिल्लं उडेपर्यंत सोडा.