वाचकांचे प्रश्न : कुंपण न दिसणारी बाग

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना बकिंगहॅमशरमधील स्टो येथील बाग पाहिली. फुलांचे ताटवे फारसे नव्हतेच. गवताळ उतार, तळी, झाडांचे पुंजके आणि दूरवर चरणाऱ्या मेंढ्या. या मोकळ्या रानाला ऐतिहासिक बाग का म्हणतात? आपली महाराजबागही त्याच प्रकारात मोडते का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ज्याला आपण मोकळे रान म्हणता, त्यातील उतारही माणसांनी खणून केलेले आहेत. टेम्पल घराण्याच्या या जमिनीवर पूर्वी सरळ रेषांची आखीव बाग होती. चार्ल्स ब्रिजमन, विल्यम केंट आणि १७४१ पासून लान्सलॉट ब्राउन या बाग आखणाऱ्यांच्या हाताखाली अठराव्या शतकात तिचे रूप पालटत गेले. तेथील ‘ग्रीशियन व्हॅली’ नावाची दरी तर मजुरांनी फावड्यांनी माती उपसून घडवलेली आहे. मेंढ्या बागेत शिरत नाहीत आणि तरीही कुंपण दिसत नाही, कारण मध्ये खंदक आहे : त्याची बागेकडील बाजू विटांची उभी भिंत असते, बाहेरील बाजू उताराची, आणि घरातून पाहणाऱ्याला हिरवळ थेट कुरणात मिसळल्यासारखी वाटते. या युक्तीला तेथे ‘हा-हा’ म्हणतात.

या देखाव्यात राजकारणही आहे. मालक लॉर्ड कोबम पंतप्रधान वॉलपोल यांच्या विरोधात गेल्यावर बागेत ‘आधुनिक सद्गुणांचे मंदिर’ म्हणून मुद्दाम पडके बांधकाम उभारून त्यात शिर नसलेला पुतळा ठेवला गेला. जुने गाव मात्र हलवण्यात आले, फक्त त्याचे चर्च झाडांआड उरले. या बागेचे कौतुक करताना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पुढे घराणे कर्जात बुडाले, १८४८ मध्ये घरातील सामानाचा लिलाव झाला, १९२३ पासून वाड्यात शाळा भरू लागली आणि १९८९ मध्ये बाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली.

महाराजबाग या प्रकारात बसत नाही. भोसल्यांची ही बाग ब्रिटिश अंमलात प्राणिसंग्रहालय झाली आणि आज कृषी विद्यापीठाकडे आहे; तिचे महत्त्व या इतिहासात आहे, वाड्याच्या खिडकीतून रचलेल्या देखाव्यात नाही. तुलनाच करायची तर तेलंगखेडीची बाग आणि शेजारचा फुटाळा तलाव अधिक जवळचा, कारण तेथील पाणीही बांध घालून अडवलेले आहे.