सहलीहून परतल्यावर पहिले पाढे पंचावन्न का होतात?

"मॅडम, गेल्या वर्षी एकोपा वाढावा म्हणून सगळ्या विभागप्रमुखांना दोन दिवस बाहेर नेलं, खर्चही भरपूर केला; पण पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न." नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांकडून ही तक्रार समुपदेशक म्हणून मी इतक्यांदा ऐकली आहे की, तिचे उत्तर एका अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहावे असे वाटले. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पत्र्याचे सुटे भाग बनवणारा तो कारखाना वडिलांकडून मुलाकडे आलेला होता. संचालकांच्या हाताखालचे सहाही विभागप्रमुख अनुभवी आणि कामाला वाघ होते. तरीही साप्ताहिक बैठकीत कोणी तोंड उघडत नसे आणि बैठक संपताच एकमेकांविषयीच्या तक्रारींचे ईमेल सुरू होत. प्रत्येकाची प्रत संचालकांना जाई. संचालकांच्या मते याचे कारण अहंकार होते. मी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे तासभर बोलले तेव्हा मला अहंकार फारसा आढळला नाही. प्रत्येक जण स्वतःची कातडी वाचवत होता, आणि तसे करण्याला त्याच्याकडे कारण होते.

या सगळ्यांना बाहेर मुक्कामी न्यायचे ठरले. मनुष्यबळ विभागाने त्यासाठी आखलेल्या कार्यक्रमात डोळे मिटून मागे पडायचे आणि सहकाऱ्याने झेलायचे, असा एक खेळ होता. तो मी काढायला लावला. सगळे पाहत असताना कोणी कोणाला पडू देत नाही. खरी धास्ती असते ती माल परत आल्याचा फोन येतो तेव्हा शेजारचा माणूस सावरून घेईल की बाजूला सरकेल याची.

निघण्यापूर्वी मी संचालकांना एकच प्रश्न विचारला. "तिथे कोणी तुमचीच चूक दाखवली, तर परत आल्यावर त्याचं काय होईल?"

"काहीच होणार नाही."

"हे त्यांना माहीत आहे का?"

त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपली शंका मांडली, "चुका सांगायला एवढी मोकळीक दिली, तर शिस्त राहील का?" मी त्यांना हार्वर्डमधील प्राध्यापक एमी एडमंडसन यांच्या संशोधनाविषयी सांगितले. १९९० च्या दशकात रुग्णालयांतील पथकांचा अभ्यास करताना चांगल्या पथकांत औषधांच्या चुका कमी आढळतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण नोंदी उलट्या निघाल्या. खोलात गेल्यावर लक्षात आले की, त्या पथकांतील लोक झालेली चूक सांगायला घाबरत नव्हते. संचालक अभियंता असल्याने, न नोंदवलेला दोष दुरुस्त होत नाही, हे त्यांना वेगळे समजावावे लागले नाही.

डिसेंबरमध्ये गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरजवळ आम्ही दोन रात्री राहिलो. पहिला दिवस गोड बोलण्यात गेला. तो तसाच जातो, म्हणून एका मुक्कामाचे काम मी स्वीकारत नाही. दुसऱ्या सकाळी व्हरांड्यात गोलाकार बसल्यावर मी सांगितले की, बैठकीत बोलायची राहून गेलेली एक घटना सांगा. कोणाच्या स्वभावाविषयी नको, फक्त घटना.

गुणवत्ताप्रमुखांनी पिशवीतून कोपरे झिजलेली एक डायरी काढली. तिच्यात दोन वर्षांच्या नोंदी होत्या: तारीख, वेळ, कोण काय म्हणाले.

"म्हणजे तुम्ही आमच्यावर पाळत ठेवत होता?" उत्पादनप्रमुखांनी विचारले.

"नाही साहेब. पुन्हा माझ्यावर वेळ आली, तर दाखवायला काहीतरी असावं म्हणून."

त्यांनी एक नोंद वाचली. रात्री सव्वाअकरा वाजता आलेला फोन: मालाचा लॉट उद्या गेलाच पाहिजे, सही करून टाका. तो लॉट ग्राहकाकडून परत आला आणि शॉपफ्लोअरवर कामगारांसमोर त्यांची खरडपट्टी निघाली. फोन कोणाचा होता, ते त्यांनी वाचले नाही. धरणावरून येणाऱ्या वाऱ्याने पाने फडफडत होती. ती त्यांनी तळहाताने दाबून धरली होती. अशा वेळी समुपदेशकाला बोलण्याचा मोह होतो. तो आवरायला मला कित्येक वर्षे लागली आहेत.

"फोन मी केला होता," संचालक म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हाला बोललो, तेव्हाही मला ते आठवत होतं."

पहिल्या वाक्याने फक्त वस्तुस्थिती मान्य झाली असती. दुसऱ्या वाक्याने त्यांनी विसरल्याची सबब स्वतःहून सोडून दिली, आणि गटातील हवा बदलली ती तिथे. उत्पादनप्रमुख खाली पाहत म्हणाले, "त्या रात्री पाळीला मीच होतो. फोनचं मला माहीत होतं. मीही गप्प बसलो."

माझा ओढा समाजमानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्या परंपरेकडे आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतील कनेटिकट राज्यात त्यांच्या कार्यशाळेचे निरीक्षक सायंकाळी सहभागींच्या वागण्याची चर्चा करीत. काही सहभागींनी तिथे बसू देण्याची विनंती केली, आणि आपल्याविषयीचे बोलणे समोर ऐकताना, प्रसंगी ते खोडून काढताना, कोणत्याही व्याख्यानाने झाले नसते इतके शिक्षण झाले. पाठीमागे लिहिलेली डायरी समोर वाचली गेली, तेव्हा आमच्याकडेही तेच घडले, असे मी मानते.

त्या दुपारी ठराव तीनच केले. त्यांतला मुख्य असा की, गुणवत्ता विभागाचा आक्षेप डावलून माल पाठवायचा असेल, तर आदेश देणाऱ्यानेच सही करायची, मग ते संचालक का असेनात. ३० आणि ९० दिवसांनी आढावा घ्यायचे ठरले. असे मुक्काम आखणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, आढाव्याच्या तारखा ठरवल्याशिवाय निघू नका आणि बोलणे संपेपर्यंत मद्य ठेवू नका. वाइनसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या नाशिकमध्ये हे आग्रहाने सांगावे लागते. एखाद्याला कामावरून काढायचे आधीच ठरले असेल, तर हा घाट घालूच नका. लैंगिक छळाची तक्रारही इथे आणू नका. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि अशा तक्रारीवर गोलात बसून समेट घडवणे हा तक्रारदारावर अन्याय आहे.

९० दिवसांनी मी त्यांच्या बैठकीत एका कोपऱ्यात बसले होते. उत्पादनप्रमुखांनी सुरुवातीलाच सांगितले, "कालच्या लॉटमध्ये डाय (साचा) बसवताना आमच्याकडून चूक झाली. माल मीच थांबवला आहे." संचालकांनी विचारले, "ग्राहकाला कळवलं का? किती दिवस लागतील?" आणि विषय पुढे गेला. गुणवत्ताप्रमुखांची डायरी आता टेबलावर उघडी होती, आणि तेही त्यांनी तिच्यात लिहून घेतले. लिहिणे थांबवा, असे मी त्यांना सांगितलेले नाही.