वाचकांचे प्रश्न : जुन्या घराचा वीज बोर्ड बदलायचा, तर खर्च किती धरावा?

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात आमचे वडिलोपार्जित घर आहे. पुढची खोली माळवदाची आहे. मागे स्लॅबच्या दोन खोल्या, न्हाणीघर आणि वर एक खोली नंतर बांधली. पुढच्या खोलीत पूर्वी दोन माग होते. ते विकून नऊ वर्षे झाली, पण त्यांचा तीन-फेजचा मेन स्विच भिंतीवर तसाच आहे. घराचा बोर्ड लाकडी फळीवरचा, चार किटकॅट (चिनी मातीच्या) फ्यूजचा आहे. आता वरच्या खोलीत दीड टनाचा एसी, शिवाय गिझर आणि इंडक्शन शेगडी घ्यायची आहे. बोर्डापासून स्वयंपाकघर १४ मीटर, न्हाणीघर ११ मीटर आणि वरची खोली १८ मीटर पडते. पहिल्या वायरमनने ११,००० रुपये सांगितले, दुसऱ्याने ३७,५०० आणि तिसऱ्याने तीन-फेजसह ७८,०००. दुसऱ्याने दिलेला बाबवार कागद सोबत जोडला आहे. एकाच कामाच्या खर्चात इतका फरक कसा, आणि आम्ही नेमकी किती रकमेची तयारी ठेवावी?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्याला मिळालेले तीन आकडे तीन निरनिराळ्या कामांचे आहेत. पहिला वायरमन फळी काढून तेथे नवी डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या स्विचांची डबी, बसवून देणार आहे, दुसरा तीन नव्या लाइन आणि नवे अर्थिंग करणार आहे, तर तिसरा घराची सगळी वायरिंग बदलून तीन-फेजची जोडणी धरून चालला आहे. म्हणून भावांची तुलना करण्याआधी आपल्या घराला यांतले कोणते काम हवे आहे हे ठरवावे लागेल, आणि ते विजेच्या भारावरून ठरते.

सकाळी साडेसातच्या सुमारास घरात एकाच वेळी काय काय चालू असेल ते कागदावर मांडून पाहा. गिझरचे २,००० वॅट, इंडक्शनचे २,०००, मिक्सरचे ७५०, पाण्याच्या अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरचे सुमारे ५५०, फ्रिजचे २०० आणि पंखे-दिव्यांचे ४०० धरले, तर बेरीज ५,९०० वॅट होते. २३० व्होल्टने भागल्यास हा प्रवाह साधारण २६ अँपिअर भरतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल तर सकाळीही एसी बंद होत नाही, त्यामुळे त्याचे १,७०० वॅट मी यात मिळवतो. एकूण ७,६०० वॅट, म्हणजे ३३ अँपिअर. ४० अँपिअरचा मुख्य स्विच असलेली एक-फेजची डीबी एवढ्या भाराला पुरते. तीन-फेजची आपल्याला आज गरज दिसत नाही; त्याचा स्थिर आकारही दरमहा जास्त पडतो. मागाचा जुना स्विच आहे म्हणून तीन-फेज घ्यावी, हा युक्तिवाद मान्य करू नका. ती जोडणी उद्योगाच्या वर्गातली होती, घरगुती वापराशी तिचा संबंध नाही. तो स्विच आणि त्याच्या तारा मृत आहेत याची खात्री करून घेऊन त्या भिंतीवरून उतरवाव्यात, आणि त्यांतला एकही तुकडा नव्या कामात वापरू देऊ नये.

आता दुसऱ्या वायरमनचा कागद पाहू. डीबी १,९००, आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) २,६०० आणि आठ एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) १,८४०, असे डबीचे एकूण ६,३४० रुपये होतात. ३७,५०० मध्ये हा वाटा जेमतेम सहावा आहे. मजुरीचे ९,००० सोडले तर उरलेले २२,१६० रुपये तारा, पट्ट्या आणि अर्थिंग यांचे आहेत. जुन्या घरात असेच घडते. डबी डोळ्यांना दिसते, म्हणून आपण तिच्याच किमतीची घासाघीस करतो. पैसे मात्र तिच्या मागे भिंतीत आणि अंगणातल्या खड्ड्यात जातात.

तारांचा हिशेब मी मुद्दाम बारकाईने पाहिला. कागदात ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचे ९० मीटरचे एक बंडल ७,२०० रुपयांना आणि २.५ च्या हिरव्या तारेचे एक बंडल ४,५०० रुपयांना धरले आहे. आपली तीन अंतरे मिळून ४३ मीटर होतात. फेज आणि न्यूट्रल मिळून ८६ मीटर. म्हणजे एका बंडलात काम बसते असे वाटते, पण वळणे आणि बोर्डात सोडायची शेपटे धरली की ते अपुरे पडते. शिवाय एक बंडल एकाच रंगाचे असते, त्यामुळे फेज आणि न्यूट्रल दोन्ही लाल तारेने ओढले जातील आणि पाच वर्षांनी दुरुस्तीला येणारा माणूस गोंधळेल. त्याऐवजी लाल, काळी आणि हिरवी अशी प्रत्येकी ४८ मीटर तार ४ चौरस मिलिमीटरचीच घ्यावी. त्याच दराने १४४ मीटरचे ११,५२० रुपये होतात, म्हणजे कागदातल्या ११,७०० इतकेच. सुटी तार मीटरमागे थोडी महाग मिळाली तरी हा बदल करण्यासारखा आहे.

माळवदाच्या खोलीत भिंत फोडून पाइप आत घेण्याचा आग्रह धरू नये. दगड-मातीच्या जाड भिंतीत ते काम मजुरी वाढवते आणि भिंत सैल करते. वरून पीव्हीसी पट्टीतून नेलेली तार तेथे योग्य. फक्त ती लाकडी तुळईला चिकटून जाणार नाही एवढे पाहावे.

अर्थिंगचे ७,५०० रुपये आपल्याला खटकले असतील, पण मला त्या कागदातील हीच बाब सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या घरांत अर्थिंगची तार न्हाणीघरातल्या नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली असते. पुढे कधीतरी तो पाइप बदलून प्लॅस्टिकचा येतो आणि त्या दिवसापासून घराला अर्थिंग उरत नाही, पण घरातल्या कोणालाही ते कळत नाही. गिझर बसवण्याआधी हे तपासलेच पाहिजे. पाइप अर्थिंगचा पाइप भारतीय मानकानुसार किमान अडीच मीटर लांबीचा असावा लागतो. सोलापुरात अनेक ठिकाणी थोड्याच खोलीवर मुरूम आणि खडक लागतो, मजूर तेथे थांबतो आणि उरलेला पाइप कापला जातो. म्हणून खड्ड्याची खोली आणि काम झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजलेला रोध या दोन्ही गोष्टी कागदावर लिहून घ्या.

पहिल्या वायरमनचे ११,००० रुपये स्वस्त वाटतात, परंतु ते काम मी करू देणार नाही. एकदा दिवसाउजेडी, मेन स्विच बंद करून, एक किटकॅट ओढून पाहा. चिनी मातीच्या कडा तपकिरी झालेल्या असतील आणि फ्यूजच्या बारीक तारेऐवजी कोणीतरी वायरमधली तांब्याची दोन-तीन पदरी तार पिळून घातलेली असेल, तर त्या लाइनने अनेकदा झेपेल त्याहून जास्त भार वाहिला आहे असे समजा. अशा जुन्या, अंदाजे १ चौरस मिलिमीटरच्या तारेवर २० अँपिअरचा एमसीबी बसवला, तर एमसीबी पडण्याआधी तार तापेल, आणि ती लाकडी पट्टीवरून गेलेली असते. दिवे-पंख्यांच्या जुन्या तारा सुस्थितीत असल्या तर राहू द्याव्यात, मात्र त्यांना ६ किंवा १० अँपिअरचाच एमसीबी असावा.

कागदात नसलेला एक खर्च आहे. आपल्या बिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो. तो वरच्या बेरजेपेक्षा बराच कमी असेल, तर महावितरणकडे भार वाढवून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याचे शुल्क आणि वाढीव सुरक्षा ठेव भारानुसार ठरते, ती थेट त्यांच्याकडे भरून पावती घ्यावी, वायरमनच्या हाती देऊ नये. अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, म्हणून काम देतानाच त्याच्याकडे परवाना आहे का हे विचारावे. साहित्यावरचा १८ टक्के जीएसटी भावात धरला आहे की वेगळा, हेही आत्ताच स्पष्ट करून घ्या. ३७,५०० अधिक सुमारे दहा टक्के, म्हणजे ४१,००० रुपये बाजूला ठेवून कामाला हात घालावा. महावितरणची रक्कम त्याहून वेगळी.

प्रश्न : जुळे सोलापुरातील आमच्या फ्लॅटमध्ये नवी डीबी बसवल्यापासून आरसीसीबी वारंवार पडतो. एक वायरमन तो काढून टाकू म्हणतो, दुसरा पूर्ण वायरिंग बदलायला सांगतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही ऐकू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाला धक्का बसला तर जीव वाचवण्यासाठी असतो. तो काढणे म्हणजे नव्या डीबीवर केलेला खर्च वाया घालवणे. जुन्या वायरिंगवर तो पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे उसना न्यूट्रल, म्हणजे एका खोलीचा फेज एका लाइनवरून आणि न्यूट्रल दुसऱ्याच लाइनवरून घेतलेला असणे. दुसरे कारण ओल. सर्व उपकरणांचे प्लग काढून एकेक एमसीबी चालू करत जावे, कोणत्या लाइनवर तो पडतो ते नोंदवावे आणि त्या लाइनची ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) चाचणी करून घ्यावी. रोध १ मेगओहमपेक्षा कमी आला, तर तेवढीच लाइन बदलावी.